डावा कौल

गाडीला विंच, म्हणजे दोर गुंडाळत रुतलेली गाडी ओढून काढणारं यंत्र, बसवायला येणारं गिऱ्हाईक एक वाक्य हमखास बोलतं. "एकदा हे बसलं की कुणाचे पाय धरायला नकोत." उद्यमनगरातल्या माझ्या शेडमध्ये हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की ते कानावर पडलं की हात आपोआप टेपकडे जातो. गेल्या पावसाळ्यात एक डॉक्टर थार घेऊन आले आणि त्यांनीही तेच म्हटलं, फक्त वर गीतेचा शिक्का मारला. सहाव्या अध्यायातला पाचवा श्लोक, माणसाने आपला उद्धार आपणच करायचा, या अर्थाचा. "तुमचा विंच म्हणजे हाच श्लोक हो, लोखंडात ओतलेला," डॉक्टर म्हणाले.

मी मान डोलावली. गिऱ्हाइकाशी श्लोकावरून वाद घालून धंदा होत नाही. पण कोपऱ्यातल्या स्टुलावर आबा बसले होते. माझे वडील. वय ब्याऐंशी, गळ्यात माळ, शेडमध्ये येतात ते वीज कोण चालू ठेवतंय यावर लक्ष ठेवायला. ते म्हणाले, "डॉक्टर, बाराव्या अध्यायातला सातवा श्लोक बघा. तिथंबी उद्धारच आहे, पण करणारा दुसरा आहे."

खरंच आहे ते. सहाव्यात भगवंत अर्जुनाला म्हणतात, तुझं तू बघ. बाराव्यात तेच म्हणतात, माझ्यावर चित्त ठेवणाऱ्यांना मी बाहेर काढतो. शब्दाचा धातू एकच, काढणारा वेगळा. आमच्या शेडमध्ये या शब्दाला तिसराही अर्थ आहे. पोऱ्याने स्प्रिंग वायसर न टाकता बोल्ट आवळला की मी त्याचा उद्धार करतो, अगदी त्याच्या घराण्यासकट.

आता काम काय असतं ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

कंपनीचा बंपर धडकेत चेपायला केलेला असतो. त्याला विंच बांधला तर पहिल्याच ओढीला बंपर एकटा झाडाकडे जाईल आणि गाडी चिखलात राहील. म्हणून बाहेरून केलेला लोखंडी बंपर लागतो, आणि त्याचीही खरी परीक्षा पुढून नाही, मागून. तो चेसिसच्या दोन्ही दांड्यांना बोल्टांनी धरलाय, की कुणीतरी पत्र्याला टॅक मारून वर काळा रंग फासलाय? डॉक्टरांनी स्वतःच एक बंपर विकत आणला होता. दिसायला एकदम रुबाबदार. मागून बघितलं तर ब्रॅकेटला पोकळ पाइप. मी तो काढून ठेवला आणि चेसिसपर्यंत जाणारे ब्रॅकेट नव्याने कापले.

ओढ कशी प्रवास करते ते डोळ्यांपुढे आणायचं. दोरातून ड्रमवर, ड्रममधून विंचच्या पायात, पायातून चार बोल्टांत, बोल्टांतून प्लेटमध्ये, प्लेटमधून ब्रॅकेटमध्ये, आणि तिथून चेसिसमध्ये. यातला जो दुवा कच्चा तोच खरा विंच, बाकीचं नुसतं वजन. या आकाराच्या विंचच्या चार भोकांचं माप ठरलेलं आहे, २५४ बाय ११४.३ मिलिमीटर, म्हणजे दहा इंच बाय साडेचार. बोल्ट दहा मिलिमीटरचे, ८.८ ग्रेडचे. नट चौकोनी, ते विंचच्या पायातल्या खाचेत सरकवायचे. हा चौकोनी नट म्हणजे एक परीक्षाच. खाली उताणं पडून, तोंडावर गंजाचा भुगा झेलत, एका बोटाने तो खाचेत धरायचा आणि दुसऱ्या हाताने बोल्ट खालून वर द्यायचा. आटे लागले असं वाटतं त्याच क्षणी नट आडवा होतो आणि टण्णकन फरशीवर पडतो. तीन वेळा पडल्याशिवाय माझ्या हातून आजवर एकही बसलेला नाही. मग ग्रीसचा एक ठिपका लावून तो खाचेत चिकटवायचा, हे मला दहा वर्षांनी सुचलं.

क्लचची मूठ हाताला लागते का तेही आधी बघायचं. नाही तर विंच बंपरच्या पोटात जाऊन बसतो आणि दोर मोकळा सोडायची मूठ पत्र्याच्या आड राहते. पूर्ण ताणावर मोटर चारशे अँपिअरच्या आसपास वीज खाते, म्हणून तार थेट बॅटरीला, जाड, आणि मध्ये तोडायचा स्विच. हेडलाइटच्या वायरिंगमधून कनेक्शन मागणारे महाभागही मी पाहिलेत.

आणि एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो, धंद्याला मार बसला तरी. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने गाडीत असा फेरफार करायला बंदी आहे, आणि २०१७च्या डिसेंबरात केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र धाडून क्रॅश गार्ड-बुल बारवर कारवाई करायला सांगितलं होतं. कारण साधं आहे. मऊ बंपर चेपतो तेव्हा धडकेतली काही ताकद आपल्यात मुरवतो. लोखंडी बंपर ती समोरच्या पायी माणसाला देऊन टाकतो. स्वतःला वाचवायची वस्तू दुसऱ्याच्या मांडीचं हाड मोडते, हे पाप मी वेल्डिंग करून विकतो. डॉक्टरांचा मूळ बंपर माझ्या माळ्यावर आहे. रानात जायचं असेल तेव्हाच हा लावा, असं सांगितलंय. ते ऐकतात की नाही, ते त्यांचं त्यांना माहीत.

दोर गुंडाळताना डॉक्टरांनी विचारलं, "या दोराचं टोक ड्रमला एवढ्याशा स्क्रूने धरलंय. हा साडेनऊ हजार पौंड कसा झेलणार?"

प्रश्न बरोबर होता. साडेनऊ हजार पौंड म्हणजे सुमारे ४३०० किलो, आणि स्क्रू करंगळीएवढा. उत्तर असं की तो स्क्रू काहीच झेलत नाही. ड्रमवरचे पहिले पाच वेढे झेलतात, नुसत्या घर्षणाने. सिंथेटिक दोर असेल तर दहा ठेवायचे. म्हणून शेवटच्या वेढ्यांना मी लाल रंग लावतो. लाल दिसला की थांबायचं. आणि त्यांना न पटलेली दुसरी गोष्ट म्हणजे विंच सगळ्यात जास्त ताकदीने ओढतो तो दोर जवळजवळ सगळा बाहेर असताना. ड्रमवर एकावर एक थर चढत गेले की ओढ कमी कमी होते. त्यामुळे जवळच्या झाडापेक्षा लांबचं झाड बरं.

"म्हणजे झाड लागणारच," आबा स्टुलावरून म्हणाले.

त्यांचा मुद्दा डॉक्टरांना कळला, मलाही. विंच असलेली गाडी स्वतःला ओढते, पण कशाच्या तरी दिशेने. हूक स्वतःच्याच बंपरला अडकवून बटण दाबलं तर बंपर वाकेल, गाडी हलणार नाही. आबांनी कुठल्याशा प्रवचनात ऐकलेला दाखला दिला. शंकराचार्य ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात, देह म्हणजेच आत्मा म्हणणाऱ्यांना उत्तर देताना, नटाचं उदाहरण घेतात. कितीही शिकलेला नट असो, स्वतःच्याच खांद्यावर तो चढून उभा राहत नाही. तिथला वाद वेगळा आहे, तो जाणिवेचा आहे, पण उदाहरण माझ्या शेडमध्ये चपखल बसलं.

रामानुजांच्या मागून आलेल्या श्रीवैष्णवांमध्ये याच प्रश्नावरून दोन पंथ झाले, वडकलै आणि तेनकलै. एकाचं म्हणणं, जीव माकडाच्या पिलासारखा आहे, त्याने आईच्या पोटाला घट्ट धरून राहायचं. दुसऱ्याचं, तो मांजराच्या पिलासारखा आहे, आई मानगुटीला धरून नेईल, त्याने काही करायचं नाही. हे ऐकलं तेव्हा मला पहिल्यांदा टोचन आठवलं. मांजराचं पिल्लू म्हणजे टोचन लावलेली गाडी. स्टिअरिंग सरळ धर, बाकी पुढच्याचं काम. माकडाचं पिल्लू म्हणजे विंच. पकड आपली, जोर आपला. पण आईचं पोट दोन्हीकडे आहेच. भांडण फक्त पकड कुणाची, एवढंच.

"झाड काय करतं?" मी आबांना विचारलं. "ते नुसतं उभं असतं. ओढतो विंच."

आबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे हनुवटी केली. विटेवर उभा, हात कमरेवर. हातात ना दोर, ना सुदर्शन उगारलेलं. गजेंद्रासाठी गरुडावर बसून धावत गेला तो देव हाच म्हणतात, पण पंढरपुरात त्याने ते धावणं सोडून दिलेलं दिसतं. "हा तरी दुसरं काय करतो?" आबा म्हणाले.

मला हे फार आवडलं. इतकं की पंधरा दिवस मी ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होतो. देव म्हणजे न हलणारं झाड, प्रयत्न म्हणजे विंच, झालं तत्त्वज्ञान. ते अर्धवट होतं हे कळायला शाहूवाडी तालुक्यात जावं लागलं.

ऑगस्ट संपत आला होता आणि झड लागलेली होती. डॉक्टरांना नव्या विंचची परीक्षा घ्यायची होती, मी आणि माझा पोऱ्या बरोबर गेलो. आंबा घाटाच्या अलीकडे एका गाडीवाटेवरून थार घसरली आणि उजव्या बाजूने भाताच्या खाचरात उतरली. लाल चिखल, चाकं अर्ध्याच्या वर आत. चारही चाकं फिरत होती आणि गाडी फक्त आणखी खाली बसत होती. डॉक्टरांचा चेहरा मात्र खुलला होता. संधी आली होती ना.

पंचवीस-एक मीटरवर, वाटेच्या वरच्या अंगाला, जांभळाचं मोठं झाड. दोन माणसांच्या कवेत न मावणारं. मी तीन इंच रुंदीचा पट्टा घेतला (लोखंडी दोर थेट खोडाला कधी गुंडाळायचा नाही, साल चिरते आणि झाड वाळतं) आणि वर निघालो. तेवढ्यात डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ घेतलेला एक म्हातारा म्हशींमागून आला.

"पावनं, थितं न्हाई लावायचं."

"का ओ आजोबा?"

"द्येवाचं हाय."

तेव्हा लक्षात आलं की झाडामागे जे दाट दिसत होतं ती देवराई होती आणि हे तिचं कडेचं झाड. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या अशा राया हिंडून नोंदवल्या. त्यातल्या कित्येकांत वाळलेली काटकीसुद्धा उचलायची नाही असा नियम. पण मी काटकी उचलत नव्हतो. मी म्हाताऱ्याला पट्टा दाखवला. "तोडत नाही आजोबा. सालीला ओरखडासुद्धा येणार नाही."

"सालीचं न्हाई ओ." त्याने पट्टा बोटांत चाचपला. "वढ कुनाला लागनार? झाडालाच नव्हं?"

मी गप्प झालो. वीस वर्षं मी ओढीचा प्रवास हूकपाशी आणून थांबवत होतो. दोर, ड्रम, पाय, बोल्ट, प्लेट, ब्रॅकेट, चेसिस. दुसऱ्या टोकाकडे मी कधी बघितलंच नव्हतं. गाडीला जितकी ओढ लागते तितकीच, एक किलो कमी नाही, झाडाला लागते. 'ते नुसतं उभं असतं' हे मी ज्या थाटात सांगत होतो त्यात एक खोट होती. नुसतं उभं राहणाऱ्याच्या मुळांवर दोन टन येतात. जांभ्या दगडावरची वीतभर माती, त्यात पावसाने मऊ झालेली. झाड हलत नाही हे आपल्याला दिसतं. न हलण्यासाठी त्याला काय द्यावं लागतं, ते दिसत नाही.

"इचारून बघू," म्हातारा म्हणाला.

चपला काढून आम्ही आत गेलो. देऊळ नाही, शेंदूर उतरत आलेला एक दगड. म्हाताऱ्याने वाटेवरचा तेरडा तोडला, दोन पाकळ्या दगडाच्या डाव्या-उजव्या अंगाला पाण्याने चिकटवल्या, आणि देवाशी घरच्या माणसाशी बोलावं तसं बोलला. पावनं आल्यात, गाडी रुतलीय, झाडाला दोर बांधायचा म्हंत्यात. उजवी पडली तर हो. मग तो उकिडवा बसला. आम्ही उभे. पानांवरून पाणी गळत होतं, डॉक्टरांनी पाकळ्यांवर छत्री धरली होती. दहा मिनिटं गेली असतील.

डावी पडली.

"न्हाई म्हंतोय," म्हातारा उठला.

"आजोबा, परत एकदा बघता का?" डॉक्टर म्हणाले. सेकंड ओपिनियन! सवयच ती. म्हाताऱ्याने नुसती मान हलवली. एका गोष्टीला दोनदा विचारत नाहीत.

माझा कौलावर विश्वास आहे का? नाही. डावी पाकळी जाड असेल, पाणी कमी लागलं असेल. आणि आम्ही तिघं होतो, तो एकटा म्हातारा. पट्टा लावून पाच मिनिटांत काम उरकून निघून गेलो असतो तर तो काय करणार होता? पण पट्टा माझ्या हातातच राहिला. विचारलं आणि नाही ऐकलं, यानंतर त्या झाडाला हूक लावणं म्हणजे टोचनही नाही आणि विंचही नाही, ती जबरदस्ती. आणि विचारायचं आणि उत्तर फक्त 'हो' असलं तरच मानायचं, याला विचारणं म्हणत नाहीत. आजवर मी शंभरेक झाडांना पट्टे बांधले असतील. एकालाही विचारलेलं नाही.

मग उरली स्टेपनी.

झाड नसेल तिथे चाक पुरतात. वाटेच्या खालच्या अंगाला, खाचरापासून वीसेक मीटरवर, मुरमाड कडक पट्टा होता. ओढीला आडवा असा तीन फूट खोल खड्डा, त्यातून गाडीच्या बाजूला तिरका चर, पट्टा येण्यासाठी. स्टेपनी खड्ड्यात उभी करायची, पट्टा रिममधून घेऊन मागे लोखंडी दांडा अडकवायचा, आणि वरून माती घालून तुडवायची. म्हाताऱ्याने खोपटातून कुदळ आणि घमेलं आणलं आणि पोऱ्याच्या हातातून कुदळ काढून घेतली, कारण पोऱ्या ती हातोड्यासारखी मारत होता. दोन तास गेले.

डॉक्टर चिखलाने माखले होते, तरी म्हणाले, "बघा! शेवटी माझाच श्लोक. गाडीला गाडीनेच काढायचं."

मी विचार करत होतो. एका परीने खरं होतं. त्या श्लोकात काढणारा मी आणि निघणारा मी असे दोन मी आहेतच, आणि पुढे तर असंही येतं की आपणच आपला मित्र, आपणच आपला शत्रू. पण स्टेपनी उपयोगी पडली ती गाडीवर असताना नाही. ती गाडीवरून काढावी लागली, लांब न्यावी लागली, पुरावी लागली. चाकाचा धर्म फिरणं. इथे त्याने हट्टाने न फिरता पडून राहायचं. आपल्यातलं काहीतरी असं उतरवून, मातीआड करून, पाठमोरं सोडून देता आलं तर मग त्याच्याकडे स्वतःला ओढत नेता येत असेल. असं काय उतरवायचं, ते मला तिथे सुचलं नाही. अजूनही नाही.

मध्येच मला आठवण झाली. "आजोबा, इथं खणायला कौल नको का?"

"हे माजं हाय," तो म्हणाला.

लाल रंग दिसेपर्यंत दोर सोडला. दोराच्या मध्यावर ओलं पोतं टाकलं, तुटलाच तर चाबकासारखा उसळू नये म्हणून. सगळ्यांना लांब केलं, डॉक्टर स्टिअरिंगवर, पहिला गिअर, लो. मी बटण दाबलं. दोर जमिनीवरून उठला, ताठ झाला, आणि आवाज बदलला. माझ्या आज्याच्या विहिरीवर मोट होती. बैल धावेवरून उतरायला लागले की नाडा असाच आधी कुरकुरायचा, मग एकदम गप्प व्हायचा. मोटेत बैल चालतो आणि पाणी वर येतं. विंच म्हणजे मोटच आपला नाडा गिळत गिळत वर चढते.

पण माझं लक्ष गाडीकडे नव्हतं. मी पहिल्यांदाच दुसऱ्या टोकाकडे बघत होतो. पुरलेल्या जागी माती फुगली. एक भेग पडली, बोटभर रुंद. स्टेपनी आमच्याकडे चार बोटं सरकली, आत कुठेतरी मुरमाला जाऊन टेकली, आणि थांबली. म्हातारा भेगेपाशी जायला निघाला तसा मी ओरडलो. तो तिथूनच, उघड्या पायांचे तळवे जमिनीला दाबून, खाली बघत उभा राहिला. त्याला पायाखाली काहीतरी कळत असावं.

थार निघाली. स्टेपनी काढायला त्यापेक्षा जास्त वेळ लागला, कारण ओढीने ती आणखी खोल रुतली होती. खड्डा बुजवून, चोपून, बांधाची ढासळलेली कड परत घालून घेतल्याशिवाय म्हाताऱ्याने आम्हाला सोडलं नाही. पैसे घेतले नाहीत. पट्टा मात्र मागून घेतला, म्हैस बांधायला बरा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये दोर परत नीट गुंडाळायचा होता. चिखलात घाईने घेतलेले वेढे एकमेकांत रुततात, म्हणून सगळा सोडून ताणाखाली पुन्हा ओढून घ्यावा लागतो. हकिकत ऐकून आबांनी सुरू केलं.

"गाडी कशाला बांधली होती?"

"स्टेपनीला."

"स्टेपनी कशाला?"

"मुरमाला."

"मुरूम कशाला?"

"आबा, डोंगराला. आता डोंगर कशाला ते विचारू नका."

"गार्गीने याज्ञवल्क्याला असंच विचारलं होतं. हे कशात ओवलंय, ते कशात ओवलंय." आबा खूश होते. "तो शेवटी म्हणाला, बाई, आता पुढचं विचारू नकोस, डोकं गळून पडेल."

"मग तुम्ही तरी थांबा," मी म्हटलं, आणि हूक शेडच्या मधल्या खांबाला नवा पट्टा घालून लावला. थारचा हँडब्रेक अर्धा ओढला, बटण दाबलं. गाडी रडतखडत पुढे सरकू लागली, वेढे शेजारी शेजारी बसू लागले. वर पत्रा करकरला. मी बटण सोडलं आणि खांबाच्या बुडाशी जाऊन काँक्रीट बघितलं.